घरची डीव्हीडी (भाग ६) : ब्रेक नेमका कुठे कापायचा?

मागच्या भागात डिस्कवरचा सगळा ऐवज कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. मूळ डिस्क आता कपाटात गेली, यापुढची कापाकापी सगळी प्रतीवर.

नमुन्याला परंड्यातल्या एका घरातली डिस्क घेतली आहे. ‘होम मिनिस्टर’ २००४ साली सुरू झालं आणि आदेश बांदेकर पैठणी घेऊन घरोघरी जाऊ लागले. या घरातली आत्या पुण्याला दिलेली. बांदेकर भावोजी तिच्याकडे गेले, आत्या पैठणी जिंकली, आणि इकडे भावाने तो भाग डीव्हीडी रेकॉर्डरवर धरून ठेवला. आता आत्याची साठी आहे. भाचा म्हणाला, “काका, हॉलमध्ये पडद्यावर लावायचंय. तेवढ्या जाहिराती उडवून द्या.”

तेवढ्या म्हणजे किती? केबल टीव्हीच्या नियमांनुसार वाहिनीला तासाला १२ मिनिटं मिळतात: १० जाहिरातींची, २ स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिरातीची. हा नियम पाळला गेला असं धरलं, तरी दोन तासांच्या डिस्कवर २४ मिनिटं जाहिरातीच. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास भरले, तर त्या २४ मिनिटांनी सुमारे ९०० एमबी जागा खाल्लेली असते. अख्खी सीडीसुद्धा ७०० एमबीची!

आता कापायला बसू. इथे बहुतेक जण घोटाळा करतात, कारण व्हिडिओ म्हणजे सेकंदाला २५ फोटो, त्यातले हवे ते काढून टाकायचे, अशी समजूत असते. तशी साठवण केली तर डिस्क काही मिनिटांत भरेल. डीव्हीडीवरच्या एमपीईजी-२ पद्धतीत साधारण १२ किंवा १५ चौकटींचा एक गट असतो. गटातली एकच चौकट पूर्ण चित्राची, तिला आय-फ्रेम म्हणतात. बाकीच्यांत नुसते बदल लिहिलेले असतात. पी-फ्रेम आधीच्या आय किंवा पी चौकटीवरून आपलं चित्र जुळवते. बी-फ्रेम मागची आणि पुढची अशा दोन्ही चौकटी बघते. आय-फ्रेम म्हणजे सातबारा आणि बाकीचे फेरफार, असं समजा. मूळ उतारा फाडून टाकला, तर नुसत्या फेरफारावरून जमीन कुणाची हे कळायचं नाही.

जाहिरात गटाच्या सातव्या चौकटीला संपली आणि तुम्ही बरोबर तिथे कात्री लावली, तर आठव्या चौकटीचा आधार गेला. पुढची आय-फ्रेम येईपर्यंत पडद्यावर ठोकळे नाचतात, माणसांचे चेहरे विरघळल्यासारखे दिसतात. अर्ध्या सेकंदाचाच प्रकार, पण तो नेमका आत्या दार उघडते तिथे आला, तर अख्खा हॉल हसेल.

म्हणून कापायची जागा आपण ठरवत नाही, गट ठरवतो. मी अ‍ॅव्हिडेमक्स वापरतो, ते फुकट आहे. त्यात डाव्या-उजव्या बाणाने एकेक चौकट सरकते आणि वर-खाली बाणाने थेट पुढच्या-मागच्या आय-फ्रेमवर उडी जाते. व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हींचं आउटपुट ‘कॉपी’वरच ठेवायचं. जाहिरात सुरू होते तिथे ‘ए’ खूण. मग कार्यक्रम परत सुरू होतो तिथे यायचं आणि वर-खाली बाण वापरून जवळच्या आय-फ्रेमवर ‘बी’ खूण ठोकायची. खालच्या पट्टीत फ्रेमचा प्रकार लिहून येतो, तो वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. डिलीट दाबलं की ‘ए’पासून ‘बी’च्या आधीपर्यंतचं सगळं जातं. ‘ए’च्या बाबतीत थोडी सूट आहे, कारण मागचा गट आपला आधार आधीच घेऊन बसलेला असतो, फक्त बी-फ्रेमवर तोडू नका. ‘बी’च्या बाबतीत अजिबात सूट नाही.

आय-फ्रेम बरोबर हव्या त्या जागी सापडत नाही. एकतर जाहिरातीचं अर्ध्या सेकंदाचं शेपूट राहतं, नाहीतर कार्यक्रमाचा तेवढा तुकडा जातो. मी शेपूट ठेवतो. साबणाची वडी क्षणभर चमकून गेली तर कुणाचं बिघडत नाही, पण बोलणाऱ्याचा पहिला शब्द गिळला गेला तर कानाला लगेच कळतं. ज्यांना तेही खपत नाही, त्यांनी ‘स्मार्ट रेंडर’ असलेलं सॉफ्टवेअर घ्यावं; ते फक्त कापाजवळचा गट नव्याने बांधतं आणि बाकीच्याला हात लावत नाही. सगळाच कार्यक्रम नव्याने एन्कोड करणं हा मात्र शुद्ध आळस. तास-दोन तास मशीन घरघरतं, आणि आधीच दाबलेलं चित्र आणखी दाबलं जातं.

आवाजाची वेगळी कटकट. चित्राची एक चौकट ४० मिलिसेकंदांची, डॉल्बी आवाजाचा एक तुकडा ३२ मिलिसेकंदांचा. दोघांच्या कडा दर वेळी नेमक्या जुळत नाहीत. प्रत्येक कापाला थोडा फरक पडतो. हिशेब न ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो साठत गेला, तर दहाएक कापांनंतर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. म्हणून फाइल तपासताना सुरुवात बघून समाधान मानू नका. शेवटच्या कापानंतरचं बोलणं बघा.

जाहिराती आपोआप शोधणारे प्रोग्रामही आहेत. कॉमस्किप काळी चौकट, शांतता, वाहिनीचा लोगो यांवरून अंदाज बांधतो. आपल्याकडच्या रेकॉर्डिंगवर माझा त्याच्यावर भरवसा नाही. ब्रेकआधी काळा पडदा येईलच असं नाही. शिवाय आपल्याकडे ब्रेकनंतर आधीचीच काही वाक्यं पुन्हा दाखवायची खोड. ती पुनरुक्ती मशीनला कार्यक्रमच वाटणार. ती हातानेच काढावी लागते, आणि काढावीच.

काही जाहिराती मात्र निघत नाहीत. प्रायोजकाचं नाव निवेदकाच्या तोंडी असतं, ते कापलं तर वाक्यच लंगडं होतं. दुसरी, पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी. तालुक्याच्या गावात केबलवाले स्वतःच्या चॅनलवर सिनेमे लावायचे आणि खालून साड्यांचा सेल, क्लासचे प्रवेश, वाढदिवसाच्या शुभेच्छा सरकत राहायच्या. ती पट्टी चित्रातच मुरलेली असते. खालचा भाग छाटला तर हिरोचे पाय जातात! मी तर ती ठेवतो. त्या साली गावात कुठली दुकानं होती, हे दुसरीकडे कुठे सापडणार?

उडवलेल्या जाहिरातींचंही तेच. त्या वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा. डिस्कवर तारीख लिहिलेली नसली, तरी एखाद्या मोबाईलच्या किंवा दिवाळी सेलच्या जाहिरातीवरून साल पकडता येतं. या डिस्कवर आत्याच्या भागाचा महिना आम्हाला तसाच सापडला.

कायद्याचं विचारतात म्हणून सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करायला मुभा देतं. अमेरिकेत हाच वाद सोनीच्या बीटामॅक्स व्हीसीआरवरून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी सोनी जिंकली. ही मुभा घरापुरती. कापलेल्या भागाच्या डिस्क विकणं किंवा तो यूट्यूबवर चढवणं तिच्यात बसत नाही.

कापून झालेली फाइल जुन्या फोल्डरमध्ये ढकलून डिस्क बनवू नका. डीव्हीडीवर व्हिडिओच्या फाइल एकेक जीबीच्या आत तोडलेल्या असतात आणि कुठला भाग कुठे आहे, हे आयएफओ नावाच्या फाइलमध्ये नोंदलेलं असतं. लांबी बदलली की ती नोंद खोटी ठरते. डीव्हीडी स्टायलरसारख्या प्रोग्राममध्ये नवी रचना करून घ्या, म्हणजे आयएफओ नव्याने लिहिली जाते. हॉलमध्ये पेनड्राइव्हवरून लावणार असाल, तर हा खटाटोप लागणारच नाही. भाच्याला मी पेनड्राइव्हच दिला.

याच घरातली दुसरी डिस्क प्लेअर घेतच नाही. रेकॉर्डिंग चालू असताना लोडशेडिंग झालं आणि डिस्क फायनलाइज व्हायची राहिली. तिच्यातून काय काढता येतं, ते पुढच्या आठवड्यात.