दरडींच्या छायेतील शाळा

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेले महाड-पोलादपूरचे खोरे यांनी 2005 पासून जे सोसले, त्याचा नुसता कालक्रम मांडला तरी मन खिन्न होते. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीच्या दरीत कोसळून 30 जण मृत्युमुखी पडले. 22 जुलै 2021 रोजी तळिये येथे डोंगराचा कडा खाली आला आणि 80 हून अधिक जीव गेले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी माणसे नेली, आणि खुद्द आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचून वाहतुकीस बंद झाला.

या प्रत्येक घटनेनंतर शासनयंत्रणा काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सावित्रीवर वर्षाच्या आत नवा पूल उभा राहिला. मृताच्या वारसाला, पडलेल्या घराला, वाहून गेलेल्या जनावरांना, इतकेच नव्हे तर भांड्याकुंड्यांनाही मदतीचे दर ठरलेले आहेत. परंतु ज्या घरातला कर्ता पुरुष घाटात गेला, किंवा ज्या वर्गातल्या दोन-तीन जागा एका रात्रीत रिकाम्या झाल्या, तेथील मूल आठ-दहा दिवसांनी पुन्हा शाळेत येऊन बसते, तेव्हा त्याच्यासाठी शाळेने नेमके काय करावे, याचे उत्तर कोणत्याही कागदावर नसते. मनाचा पंचनामा होत नाही. म्हणून त्याची हानी झालीच नाही, असे आपण गृहीत धरतो.

शालेय सुरक्षिततेचा विचार आपल्याकडे झालेला नाही असे नाही. 2004 साली तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागून 94 मुले होरपळून गेली. त्या प्रकरणी 2009 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरविला. 2016 मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. प्रत्यक्षात मात्र आपल्या बहुतेक शाळांत सुरक्षितता म्हणजे भिंतीवरचे अग्निशामक नळकांडे, दप्तरी ठेवलेला आराखडा आणि अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेली सुट्टी, एवढ्यावरच विषय संपतो.

या सुट्टीचा जरा बारकाईने विचार करण्यासारखा आहे. ओढे भरले असताना मुलांनी रानवाट तुडवू नये, हे योग्यच. परंतु ज्या वाडीचे घरच धोक्याच्या उतारावर आहे, तेथील मुलाला घरी थांबवणे म्हणजे सुरक्षित करणे नव्हे. आपण त्याला केवळ शाळेच्या जबाबदारीतून मोकळे करतो. 2023 च्या जुलैमध्ये याच जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी रात्रीच्या अंधारात गाडली गेली, तेव्हा आश्रमशाळांत असलेली मुले वाचली. पण त्यांना परतायला घर उरले नव्हते. सुट्टीच्या आदेशाने त्या दिवसापुरता प्रश्न टळतो. मुलाच्या मनातला पाऊस मात्र त्याने थांबत नाही.

येथेच या लेखातील मुख्य मुद्दा येतो. शाळेचा सुरक्षितता आराखडा आणि विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य या दोन वेगळ्या खात्यांच्या बाबी आहेत, अशी आपली समजूत झाली आहे. वस्तुतः चांगला आराखडा हाच मनाचा पहिला आधार असतो. संकटाच्या कल्पनेने मूल भिते, त्याहून अधिक ते आपण काय करायचे हे ठाऊक नसल्यामुळे भिते. ज्या भीतीला काही काम नेमून दिलेले असते, तिची सावधगिरी होते. जिला काहीच काम नसते, ती रात्री छपरावर सर आली की मुलाला उठवून बसवते.

जपानचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत ओकावा येथील प्राथमिक शाळेतील 108 पैकी 74 मुले आणि 10 शिक्षक दगावले. शाळेमागे टेकडी होती, पण कोठे जायचे हे आधी ठरलेले नव्हते, आणि सुमारे पन्नास मिनिटे मुले पटांगणातच थांबली. पुढे तेथील न्यायालयाने, पूर्वतयारीचा अभाव हाच दोष मानून, पालकांच्या बाजूने निर्णय दिला. 2019 मध्ये तो कायम झाला. त्याच दिवशी कामाइशी शहरात मात्र, वर्षानुवर्षे रंगीत तालीम केलेल्या माध्यमिक शाळेतील मुलांनी शेजारच्या प्राथमिक शाळेतील लहानग्यांचे हात धरून उंच जागा गाठली. तेथे टेकडीने तारले. आपल्याकडे डोंगरच खाली येतो. तरीही हात कोणी कोणाचा धरायचा हे आधी ठरलेले असावे, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

अर्थात, आराखड्याने सर्व दुःख टळते असा दावा कोणी करू नये. आपत्तीनंतर काही आठवडे मुलांना दुःस्वप्ने पडणे, पोट दुखणे, अंथरूण ओले होणे, वर्गात लक्ष न लागणे किंवा कारण नसताना चिडणे, हे स्वाभाविक असते. नियमित दिनक्रम, खेळ आणि ओळखीची मायेची माणसे लाभली, तर बहुतेक मुले त्यातून सावरतात. थोड्यांनाच तज्ज्ञाची गरज पडते. मात्र ती थोडी मुले कोणती, हे रोज पाहणाऱ्या शिक्षकालाच कळू शकते. किल्लारीच्या 1993 मधील भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले, तेव्हा महाराष्ट्राला एवढे तरी उमगले होते की, आपत्तीग्रस्त मुलाला अन्नवस्त्राइतकीच शाळेच्या घंटेची गरज असते. पण संस्थेच्या औदार्यावर जे एकदा घडले, ते व्यवस्थेच्या नियमाने नेहमी घडले पाहिजे.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी निर्देश दिले. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत, असे त्यात म्हटले आहे. आता डोंगरकपारीतल्या वाडीची दोनशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणावी. तिच्या पटावर शंभर मुले कोठून येणार? म्हणजे ज्या मुलांना धोका सर्वांत जवळचा, त्यांच्या वाट्याला समुपदेशक नव्हे, तर ‘संबंध’ येणार. आणि जिल्ह्याचे ठिकाण जे अलिबाग, ते पोलादपूरच्या वाडीपासून किती दूर आहे हे तेथील पालकाला विचारावे. हा संबंध कागदी राहू नये, यासाठी केंद्रशाळेला एकक मानून तिच्या सर्व शाळांसाठी मिळून एक समुपदेशक नेमणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. त्याने पावसाळ्याच्या तोंडावर आणि आपत्तीनंतर प्रत्येक शाळेत जावे.

बाकीच्या गोष्टींना तर पैसाही फारसा लागत नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. त्यात एक पान मनाचे असावे. पाऊस वाढला तर मुलांना शाळेत ठेवायचे की सोडायचे, हे कोण ठरवणार आणि पालकांना कोण कळवणार. कोणत्या मोठ्या मुलाने कोणत्या लहानाचा हात धरायचा. शाळा पुन्हा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात परीक्षा न घेता नेहमीचे वेळापत्रक कसे चालवायचे. मुलाला त्या रात्रीची हकीगत सांगण्याची सक्ती कोणीही, पुढारी वा छायाचित्रकार यांनीही, करू नये, हे कोण पाहणार. आणि महिना उलटूनही मूल सावरले नाही तर कोणाला कळवायचे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही 14416 क्रमांकाची विनामूल्य सेवा 2022 पासून उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक वर्गात लिहिलेला असावा. रंगीत तालीम मात्र आधी सांगून, शांतपणे घ्यावी. ती अचानक घेऊन मुलांना घाबरवणे म्हणजे औषधानेच आजार देणे होय.

आणखी एक गोष्ट. शिक्षकाची बदली होते, तेव्हा कोणत्या मुलाने काय गमावले आहे ही माहितीही त्याच्याबरोबर गाव सोडते. नव्या गुरुजींना ते मूल केवळ ‘लक्ष न देणारे’ वाटते. मुख्याध्यापकांनी ही नोंद गोपनीय ठेवून पुढच्या शिक्षकाकडे सोपवावी, एवढा नियम केला तरी अनेक मुलांची नाहक शिक्षा टळेल.

शिक्षकांवर आधीच अवांतर कामांचे ओझे आहे, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरचा उपाय हे काम वगळणे नसून, मतदारयाद्या आणि माहितीचे तक्ते यांतून त्यांची काही अंशी तरी सुटका करणे हा आहे. 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला होता. काटकसरीच्या अशा हिशोबात एक रकाना नेहमीच कोरा राहतो. वाडीतील शाळा बंद झाली, तर मुलाची पावसाळी वाट लांबते आणि त्याला नावानिशी ओळखणारा शिक्षकही दुरावतो. ही किंमत अंदाजपत्रकात दिसत नाही. ती पुढे गळतीच्या आणि निम्म्यावर सुटलेल्या शिक्षणाच्या रूपाने समाज भरत राहतो.

2021 साली तळियेच्या पंचक्रोशीत पहिलीत असलेली मुले आता प्राथमिक शाळा ओलांडत आहेत. त्यांच्या शिक्षणाची ही सारी वर्षे दर जूनमध्ये डोंगराकडे पाहत गेली. डोंगर हलवणे आपल्या हाती नाही. पण पुढच्या पावसाळ्याआधी त्यांच्या शाळेच्या आराखड्यात एक पान वाढवणे ग्रामस्थांच्या, शिक्षकांच्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पूर्णपणे हाती आहे. ते मे महिन्यातच लिहिले गेले पाहिजे. दरड कोसळल्यावर लिहिलेल्या कागदाला आपण आराखडा नव्हे, अहवाल म्हणतो.