ऐरण आणि पोथी

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या, म्हणजे एमआयटीच्या, शिक्क्यावर दोन माणसं उभी आहेत. डावीकडे कारागीर: हातोडा आणि ऐरण. उजवीकडे विद्वान: हातात उघडं पुस्तक. दोघांच्या मधे एक चौथरा, त्यावर ‘विज्ञान आणि कला’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं, आणि वर ग्रंथ व दिवा. या ‘कला’ म्हणजे चित्र-गायन नव्हे. त्या काळी या शब्दात सगळे उपयुक्त धंदे आणि कसब येत. शिक्क्यावर १८६१ हे स्थापनेचं वर्ष आहे, आणि तळाशी लॅटिनमधले तीन शब्द आहेत: ‘मेन्स एट मानुस’. मन आणि हात.

मी पुन्हा पुन्हा पाहतो ते त्या दोघांच्या उभं राहण्याकडे. दोघं एकाच पातळीवर आहेत. विद्वान आसनावर बसलेला नाही आणि लोहार त्याच्या पायाशी नाही.

युरोपातल्या जुन्या विद्यापीठांची चिन्हं पाहिली की यातलं वेगळेपण कळतं. ती मानचिन्हं सरदारांच्या ढालींवरून आली. शिरस्त्राणाआड चेहरा झाकला की माणूस ओळखायचा कसा? तर ढालीवरच्या चित्रावरून. त्यामुळे तिथे सिंह, मुकुट, तलवारी आल्या, आणि विद्यापीठांनी त्याच ढालींवर पुस्तकं चढवली. एमआयटीच्या शेजारच्या हार्वर्डच्या ढालीवर तीन उघडे ग्रंथ आहेत आणि त्यांवर लॅटिनमध्ये ‘सत्य’ लिहिलेलं आहे. एमआयटीने ढाल घेतली नाही, शिक्का घेतला. मराठी माणसाला शिक्क्याचं मोल वेगळं सांगायला नको. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेत राज्य कशासाठी आहे हेच कोरलेलं होतं. मुद्रा उमटली की शब्दाला बांधिलकी येते.

आणि इथे तर आधी शिक्का आला, विद्यार्थी नंतर. १८६४ च्या डिसेंबरात तो मंजूर झाला, तेव्हा संस्थेचा एकही नियमित वर्ग सुरू झालेला नव्हता.

हे स्वप्न होतं विल्यम बार्टन रॉजर्स यांचं. ते भूगर्भशास्त्रज्ञ, व्हर्जिनिया विद्यापीठात प्राध्यापक. १८४६ साली त्यांनी भाऊ हेन्री याला पत्रातून बॉस्टनमध्ये काढायच्या तंत्रशाळेचा आराखडा कळवला. १८५३ मध्ये ते स्वतः बॉस्टनला येऊन राहिले. सनदेवर गव्हर्नर जॉन अँड्रू यांची सही झाली १० एप्रिल १८६१ रोजी, आणि दोनच दिवसांनी फोर्ट सम्टरवर तोफा धडाडल्या. यादवी युद्ध सुरू झालं. वर्ग भरायला २० फेब्रुवारी १८६५ उजाडला. जागा भाड्याची होती आणि विद्यार्थी होते पंधरा. स्वतःची इमारत मिळाली पुढच्या वर्षी.

रॉजर्स यांचं म्हणणं सरळ होतं. नुसता हात सरावाने शिकतो, पण आपण हे असं का करतो ते त्याला कळत नाही. नुसतं डोकं वाचून शिकतं, पण आपलं ज्ञान पदार्थापुढे टिकतं का, हे त्याला तपासता येत नाही. म्हणून दोघांना एकाच छताखाली बसवायचं. १८६९ मध्ये एडवर्ड पिकरिंग यांनी तिथे भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा उभारली, आणि तिच्यात प्रयोग विद्यार्थ्यांनीच करायचे होते. तोवर बहुतेक ठिकाणी प्राध्यापक टेबलावर प्रयोग करून दाखवत आणि मुलं बाकांवरून बघत. पिकरिंग यांनी मग त्या पद्धतीचं पाठ्यपुस्तक लिहिलं. त्याच्या इंग्रजी नावातल्या ‘मॅनिप्युलेशन’ या शब्दातही शिक्क्यावरचाच लॅटिन ‘हात’ दडलेला आहे.

हाताचं हे शिक्षण काय असतं, ते मला एका लोखंडी तुकड्याने शिकवलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब होता: तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि कानशीने घासून चारी बाजू काटकोनात आणायच्या. मी भूमितीत हुशार. काटकोनाच्या व्याख्या पाठ होत्या. दोन दिवस घासून तुकडा घेऊन गेलो. वर्कशॉपमधल्या मामांनी, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो, त्याला गुण्या लावला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची बारीक रेघ आली. “बघ, फट आहे. इथे जोर जास्त दिलास.” त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवून कानस दोनदा चालवून दाखवली. वर्गातली अर्धी मुलं पैसे देऊन जॉब बाहेरून करून आणत आणि कॉलेजला ते माहीत होतं. मामांचं नाव कुठल्याच फलकावर नव्हतं. काटकोन मात्र मी त्यांच्याकडून शिकलो.

एमआयटीचा शिक्का खरा ठरवला तो तिथून शिकून गेलेल्यांनी. एलन स्वॅलो १८७० मध्ये रसायनशास्त्र शिकायला आल्या, संस्थेतल्या पहिल्या स्त्री विद्यार्थिनी म्हणून. त्यांच्याकडून फी घेतली गेली नाही. हा औदार्याचा भाग नव्हता, हे त्यांना पुढे कळलं: कुणी हरकत घेतलीच, तर ही आमची विद्यार्थिनी नाही असं सांगता यावं यासाठी ती सोय होती. १८७३ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. १८७६ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली, तिच्यामागेही त्या होत्या. १८८७ पासून राज्यातल्या पाण्याच्या पाहणीत हजारो नमुने त्यांनी तपासले. मॅसॅच्युसेट्सच्या घराघरांतलं पिण्याचं पाणी हे त्यांचं प्रयोगाचं द्रव्य होतं.

दुसरे रॉबर्ट टेलर. त्यांचे वडील गुलामीत जन्मलेले, पुढे सुतारकाम आणि बांधकाम करणारे. टेलर १८९२ मध्ये एमआयटीतून वास्तुकलेची पदवी घेऊन बाहेर पडले. तिथले ते पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत त्यांनी इमारतींचे आराखडे काढले आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडून त्या उभ्या केल्या. शिक्क्यावरची दोन्ही माणसं तिथे एका आवारात कामाला लागली.

या कथेत आपलं पुणेही आहे. १८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट शिकायला एमआयटीत दाखल झाले. तिथे जाणारे ते पहिले भारतीय. १८८४ मध्ये पुण्याच्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकाने एमआयटीचा नमुना वाचकांपुढे ठेवला. पुण्यात तेव्हा इंजिनिअरिंगचं शिक्षण नव्हतं असं नाही. १८५४ मध्येच ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघालं होतं, आजच्या सीओईपीचं ते मूळ. पण सरकारला त्यातून हवे होते सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी. दुसऱ्याचा नकाशा अमलात आणणारी माणसं घडवणं वेगळं आणि स्वतःचा नकाशा काढणारी घडवणं वेगळं. हा फरक पुण्यातल्या वाचत्या वर्गाला बोचत होता.

त्याच १८८२ साली, त्याच पुण्यातून, जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला निवेदन दिलं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी ठणकावून सांगितलं आणि खेड्यांतल्या शाळांत शेतीचे पाठ मागितले. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत. चुना आणि दगड त्यांना हाताने माहीत होते. आपल्याकडे लोहार, सुतार, कुंभार यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या कसब होतं, पण पोथी त्यांना बंद होती. ज्यांच्याकडे पोथी होती, त्यांना ऐरणीला हात लावणं कमीपणाचं वाटे. बॉस्टनच्या शिक्क्याने जी दोन माणसं शेजारी उभी केली, त्यांच्यामधे आपण जातीची भिंत घातली होती. फुल्यांची मागणी ती भिंत पाडण्याची होती.

आणि त्याच वर्षी, ३० मे रोजी, रॉजर्स गेले. पदवीदान समारंभात भाषण करताना, सभागृहात सगळ्यांसमोर ते कोसळले. शेवटचे शब्द होते ‘बिट्युमिनस कोल’, दगडी कोळसा. या माणसाचा श्वास जमिनीतल्या एका कामाच्या वस्तूचं नाव घेत थांबला.

१९१६ च्या जूनमध्ये संस्था बॉस्टन सोडून चार्ल्स नदीपलीकडे केंब्रिजला गेली. ‘ब्यूसेंटॉर’ नावाच्या सजवलेल्या नावेतून सनद वाजतगाजत नदीपार नेली गेली. नव्या इमारतींसाठी मोठी देणगी ‘मिस्टर स्मिथ’ या टोपणनावाने आली होती. हे स्मिथ म्हणजे कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन. त्याआधी १९१४ मध्ये संस्थेने आपलं प्राणिचिन्ह निवडलं होतं. सिंह नाही, गरुड नाही, तर बीव्हर: दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. आज पदवीच्या अंगठीवर तोच बसतो. पदवी मिळेपर्यंत अंगठी एका बाजूने घालायची, मिळाली की फिरवायची.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नलिनी रंजन सरकार समितीने एमआयटीच्या धर्तीवर उच्च तंत्रसंस्था काढायची शिफारस केली आणि त्यातून आयआयटी जन्मल्या. पवईच्या आयआयटीचं ब्रीद ज्ञानाला परम ध्येय मानतं. ते ब्रीद उदात्त आहे. पण आपल्या तंत्रशिक्षणाच्या कुठल्याही मुद्रेकडे पाहताना मी ऐरणीपाशी उभा असलेला माणूस शोधतो. प्रवेश परीक्षेत पहिला येणारा मुलगा आणि आयटीआयमध्ये लेथवर उभी राहणारी मुलगी एकमेकांना कुठे भेटतात? त्यांचे वर्ग वेगळे आहेत, फाटकं वेगळी आहेत, आणि मानही वेगळा आहे.

मामांनी गुण्या उजेडाकडे धरला होता, तसाच तो इथेही धरायला हवा. उजेडाची रेघ दिसते आहे. ती दिसली म्हणून त्यांनी माझा तुकडा फेकून दिला नव्हता. नेमकं कुठे घासायचं ते दाखवून कानस पुन्हा माझ्या हातात दिली होती.