पायांची सूज अंगावर काढू नका

वुजू करताना आपण दिवसातून पाच वेळा पाय धुतो. कधी घोट्याच्या वर बोट दाबून पाहा. खळगा तसाच राहिला, तर तिथे पाणी साचले आहे. “वय झालं, पाय सुजायचेच,” असे म्हणून आपण गप्प बसतो. पण कारण दरवेळी वय नसते.

पायांतले रक्त वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू आणि शिरांमधल्या झडपा मदत करतात. झडपा सैल पडल्या किंवा हृदय थकले, की रक्त शिरांत तुंबते, दाब वाढतो आणि रक्तातले पाणी झिरपून आसपास साचते. म्हणूनच सूज संध्याकाळी वाढते, रात्रभर आडवे झाल्यावर ओसरते. मूत्रपिंड वा यकृताचा आजार आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही पाय सुजतात.

लोणचे, पापड कमी करावेत. फार वेळ पाय लोंबते ठेवू नयेत. लघवीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला किंवा आडवे होताच धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

अम्मी-अब्बांना उभे राहणे जमत नसेल, तर बसून नमाजची सवलत आहेच. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ती जपू या.