आरएनएचे आखूड तुकडे आणि पेशीचा पहारा

जनुकाची आज्ञा संदेशवाहक आरएनएच्या रूपाने केंद्रकाबाहेर येते व तिच्याबरहुकूम पेशीत प्रथिन तयार होते. दुपदरी आरएनएच्या साहाय्याने ही आज्ञा वाटेतच नष्ट करता येते, हे अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये एका सूक्ष्म कृमीवर दाखविले. सस्तन प्राण्यांच्या पेशींत मात्र हा उपाय साधेना. अनेक विषाणूंच्या वाढीच्या वेळी असाच लांब दुपदरी आरएनए निर्माण होतो. त्याची चाहूल लागताच पेशी इंटरफेरॉन सोडते व प्रथिनांची निर्मिती सरसकट रोखून धरते. एक दिवा मालवावयास जावे आणि घरभर अंधार व्हावा, तसाच हा प्रकार होय.

2001 मध्ये थॉमस टुशल व त्यांचे सहकारी यांनी अवघ्या 21 न्यूक्लिओटाइडांचे कृत्रिम तुकडे वापरून ही अडचण टाळली. एवढे आखूड तुकडे पेशीच्या पहाऱ्यातून निसटतात, असा समज त्यानंतर रूढ झाला. तो पुरता खरा नव्हता. बाहेरचा माल पेशी ज्या सूक्ष्म पिशव्यांतून आत घेते, त्यांच्या आवरणात टोल-सदृश ग्राही 7 व 8 ही प्रथिने पहारा करीत असतात. ग्वानीन व युरॅसिल यांनी समृद्ध असे तुकडे त्यांना विषाणूचेच भासतात, हे 2005 मध्ये आढळून आले.

वृद्धापकाळी काहींच्या दृष्टिपटलाखाली नव्या रक्तवाहिन्या फुटून दृष्टी मंदावते. या वाहिन्या वाढविणारे जनुक मूक करण्यासाठी असे तुकडे रुग्णांच्या डोळ्यांत टोचून पाहण्यात येत होते. 2008 मध्ये जयकृष्ण अंबाटी यांच्या गटाने उंदरांच्या डोळ्यांत त्या जनुकाशी काडीचाही संबंध नसलेले तुकडे टोचले; तरीही वाहिन्यांची वाढ खुंटली! तुकडे पेशीत शिरलेच नव्हते. पृष्ठभागावरील टोल-सदृश ग्राही 3 ला ते जाणवले होते, आणि जनुक मूक झाल्याचा म्हणून जो गुण मानला जात होता, तो वस्तुतः शरीराच्या प्रतिकाराचा होता. यशाचे कारण शोधण्यात येथे घाईच झाली होती, असे म्हणावे लागते.

तुकड्यातील काही शर्करांना मिथिल गट जोडला, की ग्राहींना तो सहसा परका वाटत नाही. मानवी आरएनएवरही अशा खुणा असतातच. या जातीचे पहिले औषध, पॅटिसिरान, 2018 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्यातही अशा खुणा आहेत. तथापि ते शिरेतून देण्यापूर्वी प्रतिक्रिया टाळण्यासाठी रुग्णास स्टेरॉइड देण्याचे बंधन घालण्यात आले.