पिळलेल्या लहरींचा माग

हिल्टनर आणि हॉल शोधत होते भलतंच. अतितप्त ताऱ्याच्या कडेचा प्रकाश थोडा ध्रुवीभूत, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा असला पाहिजे, असं चंद्रशेखर यांचं भाकीत होतं. जोडताऱ्याच्या ग्रहणात तो पकडता येईल म्हणून हे दोघे अमेरिकी ज्योतिर्विद मागे लागले. ध्रुवीकरण सापडलं, पण ग्रहणाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, आणि ज्यांना ग्रहण लागतच नाही अशा ताऱ्यांच्या प्रकाशातही ते दिसू लागलं. १९४९ मध्ये दोघांनी ते प्रसिद्ध केलं. करामत ताऱ्यांची नव्हती, वाटेतल्या धुळीची होती. लांबट धूलिकण एका दिशेनं रांगेत उभे होते, आणि त्यांना रांगेत उभं करणारं होतं आकाशगंगेचं चुंबकीय क्षेत्र.

त्याच वर्षी एन्रिको फर्मी वेगळ्या वाटेनं तिथंच पोचले. विश्वकिरणांना एवढी ऊर्जा कुठून मिळते, याचं उत्तर त्यांना भटक्या चुंबकीय ढगांत दिसत होतं. मग १९५३ मध्ये चंद्रशेखर आणि फर्मी यांनी मिळून हिशेब मांडला. ध्रुवीकरणाच्या रेषा किती इकडेतिकडे विस्कटतात, यावरून क्षेत्राची ताकद निघाली एका गॉसचा सुमारे सात दशलक्षांश. पृथ्वीचं क्षेत्र त्याच्या काही दहा हजारपट. आजचे आकडेही त्याच घरातले आहेत.

ताऱ्यांदरम्यानच्या आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या, वायूला मात्र मान मिळायला वेळ लागला. तो तप्त ताऱ्यांभोवतीच्या तेजोमेघांत असतो, एवढं ठाऊक होतं. १९६३ मध्ये हॉइल आणि एलिस यांनी सुचवलं, की त्याचा एक विरळ थर साऱ्या आकाशगंगेवर पसरलेला असावा. या सूचनेकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे रेनॉल्ड्स यांनी हायड्रोजनच्या फिकट लाल प्रकाशातून तो थर दाखवला. काडेपेटीएवढ्या जागेत सरासरी जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन, इतका तो विरळ.

तरी या विषयाचं खरं भाग्य उजळलं ते पल्सारनी, म्हणजे ठरावीक ठोक्यानं रेडिओलहरी पाठवणाऱ्या ताऱ्यांनी. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना पहिला पल्सार सापडला, आणि वर्षभरात त्यांचा मोजपट्टीसारखा वापर सुरू झाला. वाटेतल्या इलेक्ट्रॉनमुळे कमी वारंवारतेची लहर मागे पडते. क्रॅब पल्सारचंच घ्या. साडेसहा हजार वर्षं प्रवास करून आलेला त्याचा ठोका ४०० मेगाहर्ट्झला ८०० मेगाहर्ट्झपेक्षा सुमारे १.१ सेकंद उशिरा पोचतो. या उशिरावरून इलेक्ट्रॉन मोजता येतात. शिवाय चुंबकीय क्षेत्रातून येताना लहरींचं प्रतल पिळलं जातं. त्या पिळात इलेक्ट्रॉन आणि क्षेत्र दोघांचा वाटा असतो. पिळाला इलेक्ट्रॉनच्या बेरजेनं भागलं, की आपल्या रोखानं असलेलं सरासरी क्षेत्र हाती येतं. इतका सोपा भागाकार खगोलशास्त्रात क्वचितच भेटतो.

या कामात आपल्या नारायणगावजवळचं खोडद ऐन वाटेवर येतं. गोविंद स्वरूप यांनी त्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या केल्या. पृष्ठभाग पत्र्याचा नाही, बारीक तारांच्या जाळीचा. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च आटोक्यात. अलीकडच्या सुधारणेनंतर या दुर्बिणी वारंवारतांचे रुंद पट्टे सलग ऐकतात, आणि उशीर किंवा पीळ मोजायला नेमकं तेच लागतं.

२००९ मध्ये टेलर आणि सहकाऱ्यांनी ३७,५४३ रेडिओस्रोतांचे पीळ एकत्र मांडले, २०१५ च्या सुमारास प्लांक उपग्रहानं धुळीच्या ध्रुवीकरणाचा साऱ्या आकाशाचा नकाशा दिला. नकाशे देखणे आहेत, पण माझ्या मते चित्र अजून अर्धंच आहे. सर्पिल भुजांच्या आसपास क्षेत्राची दिशा उलटते हे नक्की. किती वेळा, यावर वाद चालूच आहे.

खोडदला कधी गेलात, तर मोबाइल खरोखर बंद करा. सेकंदभर उशिरा येणारा तो ठोका फार क्षीण असतो.