कुत्र्याची गोचीड घरात राहते



आदिवासी सेवाकार्याच्या पत्रकात कुत्र्यांवर लेख कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. मळवलीच्या आसपासच्या कातकरी आणि ठाकर पाड्यांवर एक फेरी मारली, तर हा प्रश्न पडणार नाही. तिथे बहुतेक घरांपुढे कुत्रा असतोच. तो शेळ्यांबरोबर रानात जातो, रात्री कोंबड्या राखतो आणि पावसाळ्यात मुलांच्या गोधडीला चिकटून झोपतो. त्याच्या अंगावर जे चढते, ते मुलांच्या अंगावर चढायला वेळ लागत नाही. शिवाय आपल्यापैकी काहींचे कार्ला, भाजे, लोणावळ्याकडे बंगले आहेत आणि त्यांची राखण बहुधा पाड्यावरचेच एखादे कुटुंब करते. तेव्हा हा विषय दोन्ही घरांचा आहे.

कुत्र्यावर सर्रास सापडते ती तपकिरी गोचीड. तिच्याबद्दल एकच गोष्ट नीट समजली की पुढचे सगळे सोपे होते: ती कुत्र्यावर राहत नाही, कुत्र्यावर फक्त जेवते. अंड्यातून निघालेले सहा पायांचे बारीक पिल्लू कुत्र्यावर चढते, काही दिवस रक्त पिते आणि खाली पडते. एखाद्या फटीत बसून कात टाकते, आठ पायांचे होते, पुन्हा चढते, पुन्हा पडते. तिसऱ्यांदा चढते ती पूर्ण वाढलेली गोचीड. मादी रक्त पिऊन वाटाण्यासारखी फुगली की उतरते, भिंतीच्या भेगेत शिरते, दोन-चार हजार अंडी घालते आणि मरते. म्हणजे कुत्र्याच्या कानात आपल्याला दहा दिसतात, तेव्हा त्यांच्या कितीतरी पट भिंतीत, खाटेच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे असतात. उन्हाळ्यात हा फेरा साधारण दोन महिन्यांत पुरा होतो.

एका पाड्यावर आम्ही पशुवैद्यांना घेऊन कुत्र्यांना औषध लावत होतो. तिथली एक आजी सगळे बघत बसली होती. शेवटी म्हणाली, “ताई, कुत्र्याला लावलं, पण कुडाला कोण लावील?” आजीचा प्रश्न बिनतोड होता. पाड्यावरची जुनी घरे कारवीच्या कुडाची, वरून शेणमातीने लिंपलेली. लिंपण वाळून तडकले की कारवीच्या काड्यांमधल्या फटी उघड्या पडतात. गोचिडीला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

त्यात कातकरी कुटुंबांचे स्थलांतर. दिवाळीनंतर कितीतरी घरे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. घर पाच-सहा महिने बंद. इकडे फटीतली मोठी गोचीड काही न खाता कित्येक महिने तग धरते. कुटुंब परतते, जमिनीवर अंथरूण पडते आणि उपाशी गोचिडी बाहेर येतात. तिची आवड कुत्र्याची, पण संख्या वाढली आणि उष्मा असला की ती माणसालाही चावते. म्हणून आम्ही परतणाऱ्या घरांना सांगतो, की आत झोपण्याआधी कूड आणि जमीन नव्याने लिंपा, भेगा बुजवा, जुन्या गोधड्या उकळत्या पाण्यातून काढा. यासाठी पैसा लागत नाही, दोन दिवस हातात हवेत. भट्टीवरून आलेल्या बाईला तेच दोन दिवस मिळत नाहीत, ही खरी अडचण. गेली काही वर्षे स्वयंसेवक मे महिन्यात लिंपणाला मदत करतात, त्याचे कारण हेच.

बंगलेवाल्यांचा समज असा, की गोचीड लॉनमधून येते. ते लॉनवर औषध मारून मोकळे होतात. गवत कापावे, पालापाचोळ्याचे ढीग हलवावेत, कुंपणालगतची घाणेरी आणि रानमोडी तोडावी, हे ठीकच. गवतात गुरांच्या गोचिडी असतात. पण कुत्र्याच्या गोचिडीचे मूळ बहुधा कुत्र्याच्या खोपट्यात, व्हरांड्याच्या कोपऱ्यात आणि गडग्याच्या दगडांत असते. तिला वर चढायची सवय आहे, तेव्हा भिंत छतापर्यंत तपासावी. फटी सिमेंटने किंवा चुन्याने बुजवाव्यात. परसात गावठी कोंबड्या सोडल्या तर त्या बऱ्याच गोचिडी वेचून खातात.

कुत्र्याला आणि जागेला औषध एकाच दिवशी हवे आणि ते पशुवैद्य सांगतील त्या अंतराने पुन्हा व्हायला हवे, कारण अंडी औषधाने मरतीलच असे नाही. निदान दोन महिने चिकाटी लागते. एकदाच करून थांबणे म्हणजे पैसे वाया.

औषधाबद्दल जरा कडक बोलते. कृषी केंद्रातून आणलेले भाजीवर मारायचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर ओतण्याची पद्धत पाड्यांवरही आहे आणि बंगल्यांवरही. त्यातली काही विषे कातडीतून आत जातात, कुत्रा अंग चाटतो तेव्हा पोटात जातात. तोंडाला फेस, थरथर, झटके, आणि मग मृत्यू. त्याच कुत्र्याला मूल मिठी मारते. जनावरांसाठी मिळणारे डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझसुद्धा सांगितले तितकेच पाणी घालून वापरायचे. डेल्टामेथ्रिन मांजराला विषारी आहे आणि मासे-खेकड्यांना तर फारच. औषध लावलेला कुत्रा ओढ्यात उतरू देऊ नये, भांडीही तिथे धुऊ नयेत; त्याच ओढ्यातले खेकडे संध्याकाळी कुणाच्या तरी कालवणात असतात. सीताफळाच्या बियांची पूड लावतात, ती डोळ्यात गेली तर डोळा जायची भीती. करंजाचे किंवा कडुलिंबाचे तेल थोडीफार मदत करते, पण भरलेल्या घरात त्यावर विसंबू नये.

रोज करण्याजोगे काम म्हणजे हाताने तपासणे. कान, मान, काखा, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली. गोचीड दिसली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. काडी पेटवून चटका देऊ नये, रॉकेल टाकू नये, नखाने चिरडू तर मुळीच नये. तिच्या पोटातले रक्त आपल्या चिरेतून आत जाऊ शकते. साबणाच्या पाण्यात टाकावी आणि हात धुवावेत.

गोचीड रोग पसरवते हे काही नवे नाही. गुरांच्या तापाबाबत अमेरिकेत ते 1893 मध्येच सिद्ध झाले. आपल्याकडे संकरित गाईंना होणारा गोचीड ताप आणि लाल लघवीचा रोग शेतकऱ्यांना माहीत आहे. कुत्र्यात ताप, मलूलपणा, खाणे बंद, फिक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसले तर वाट पाहू नये. वेळेवर गेल्यास पशुवैद्यांकडे उपचार आहेत. वाहन नसेल तर 1962 या क्रमांकावर फोन करावा.

माणसाचेही तसेच. गोचिडीमुळे येणाऱ्या एका तापात अंगावर लाल पुरळ उठते, तळहात-तळपायांवरसुद्धा. गवतातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या माइटच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. त्यात कधी काखेत किंवा जांघेत काळी खपली सापडते. (सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात 2016 मध्ये आलेला माकडताप वेगळा. तोही गोचिडीचाच, पण जंगलातल्या, आणि विषाणूमुळे.) पहिल्या दोन्ही तापांवर साधी, स्वस्त प्रतिजैविके आहेत, पण डॉक्टरांना तसा संशय यायला हवा. पाड्यावरची आई दवाखान्यात फक्त “ताप आहे” एवढेच सांगते. म्हणून आमच्या आरोग्य सेविका आता तिला आणखी दोन वाक्ये शिकवतात: घरात गोचिडी आहेत, आणि पोर गवतात जाते.

आपल्यापैकी कुणाच्या बंगल्यावर यंदा कुत्र्याला औषध होणार असेल, तर राखणदाराच्या घरचा कुत्रा आणि त्याची भिंत त्याच दिवशी त्यात धरावी. खर्च फारसा वाढत नाही आणि दोन्ही घरांतली गोचीड एकदम कमी होते.