पडीक मालमोटार कोणत्या बनावटीची?

सौंसरच्या बाजूस कापसाच्या जिनाच्या आवारात किंवा संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर एखादी जुनी मालमोटार गंजत पडलेली आढळते. घरातील वडीलधारे तिला फर्गो म्हणतात, शेजारी बेडफोर्ड म्हणून पैज मारतात, आणि भंगारवाला दोघांचेही न ऐकता वजनाचा भाव सांगतो. जिच्या जोरावर एका पिढीचा संसार चालला तिचे नाव, ती तोडली जाण्यापूर्वी तरी ठरले पाहिजे.

हौद्यावरून निर्णय करू नये. त्या काळी गाडी पुष्कळदा नुसती चासी, इंजिन आणि बॉनेट एवढ्यावरच विकली जाई. हौदा व केबिन इकडचे सुतार-लोहार बांधीत. बॉनेटवरील नावाची पट्टीही बदललेली असू शकते.

खरी साक्ष इंजिनाची. दोन ओळींत चार-चार प्लग असतील तर ती फोर्डची व्ही-आठ समजावी. सहा प्लग सपाट माथ्यावर उभे असतील तर डॉज-फर्गोचे घराणे. प्लग कडेला व माथ्यावर व्हॉल्व्हचे झाकण असेल तर शेवरोलेट किंवा तिची विलायती बहीण बेडफोर्ड. प्लगच नसतील तर इंजिन डिझेल. मात्र पेट्रोल महाग पडे म्हणून पुष्कळांनी मूळ इंजिन काढून पर्किन्स बसविले, हे विसरू नये. अशा वेळी चासीचे बोल्ट पाहावेत. त्यांस मिलिमीटरचे पाने नेमके बसले, तर गाडी बहुधा टाटा-मर्सिडीज. ती 1954 पासून निघू लागली, आणि 1969 साली करार संपेपर्यंत तिच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे.

डॉज की फर्गो, हा वाद मात्र व्यर्थ होय. क्रायस्लर कंपनी एकच ट्रक दोन्ही नावांनी विकीत असे, आणि मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातूनही दोन्ही नावे बाहेर पडली. शेवरोलेटची जुळणी मुंबईत शिवडीस 1928 पासून होई. जनरल मोटर्सने ती 1954 साली आटोपली. तेव्हा इथली शेवरोलेट सहसा त्याआधीचीच.

आखूड, चपट्या नाकाची, अवजड गाडी दिसली तर ती युद्धानंतर लिलावात निघालेली कॅनडाची लष्करी मोटार असू शकते. फोर्ड व शेवरोलेट या दोघांनी ती जवळजवळ एकाच रूपात बनविली. तेथेही प्लगच मोजावे लागतात.

शेवटी क्रमांक. चासीच्या लांब पट्टीवर तो ठोकलेला असतो. तारेचा ब्रश जोराने चालवू नये, अंक झिजतात. रॉकेलच्या बोळ्याने गंज मऊ करून पुसावा, खडू घासावा, मग अंक उठून दिसतात. त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा व फोटोही काढावा. रीतसर भंगारात गाडी गेली की हाच तुकडा कापून घेतात, म्हणून हे काम सौदा ठरण्याआधी उरकावे.